स्वस्तातला पहिला अकॉस्टिक बास : नाशकात घेताना काय बघायचं

अकॉस्टिक बास, म्हणजे गिटारसारखा पोकळ पोटाचा पण चार जाड तारांचा बास, घ्यायचं डोक्यात असेल तर आधी त्याची खोड ऐकून घ्या. त्याचा आवाज लहान असतो. दुकानात एकट्याने वाजवताना तो भरदार वाटतो, पोटाला टेकलेलं खोकं थरथरतं आणि माणूस भुलतो. घरी आणल्यावर शेजारी मित्र साधी गिटार घेऊन जोरात स्ट्रमिंग करायला बसला की तुमचा बास ऐकूच येईनासा होतो. ढोलाच्या गावात राहणाऱ्यांना हे पचायला जरा जड जातं.

यात दोष मापाचा आहे. बासच्या चार तारा म्हणजे गिटारच्या जाड चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. सगळ्यात जाड ई तार सेकंदाला साधारण 41 कंपनं करते आणि त्या सुराची लाट हवेत आठ मीटरहून लांब असते. एवढी लाट नीट ढकलायला वाद्याचं पोट, म्हणजे पोकळ खोकं, मोठं लागतं, म्हणून तर उभा डबल बास माणसाएवढा उंच असतो. अकॉस्टिक बासचं पोट जेमतेम जंबो गिटारएवढं. अमेरिकेत अर्नी बॉल यांनी 1972 मध्ये अर्थवुड नावाचा बास काढला, तेव्हा मेक्सिकोच्या गिटारॉन या मोठ्या बास-वाद्यावरून सुचून त्याचं पोट भलतंच मोठं ठेवलं होतं. मांडीवर घेऊन बसायला ते जिकिरीचंच. पुढे इतर कंपन्यांनी पोट आटोपशीर केलं आणि आत पिकअप, म्हणजे तारांचं कंपन वायरीतून ॲम्पकडे पाठवणारा भाग, बसवला. 1989 मध्ये सुरू झालेल्या एमटीव्ही अनप्लग्ड या टीव्हीवरच्या कार्यक्रमामुळे हे वाद्य लोकांच्या नजरेत आलं. नाव अनप्लग्ड असलं, तरी बासची वायर बहुतेकदा मिक्सरला लावलेलीच असायची.

म्हणून माझं मत असं : पिकअप नसलेला अकॉस्टिक बास स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, आणि पैसे कमी असतील तर लाकडाच्या गप्पा सोडून नेक (म्हणजे दांडी) आणि सेटिंग, म्हणजे तारांची उंची नि नेकचा बाक नीट लावलाय का, याकडे बघा.

आधी घरीच ठरवा : हवाय तो हाच का?

दहा-पंधरा हजारांत इलेक्ट्रिक बास बऱ्यापैकी मिळतो. तेवढ्याच पैशांतला अकॉस्टिक बास त्याच्या तुलनेत बहुधा डावाच निघतो. त्याच्या तारा जाड आणि कडक, पोटाजवळच्या वरच्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हात पोचत नाही, आणि ड्रम्सच्या जोडीला लावून आवाज वाढवला की स्पीकर हूं हूं करत फीडबॅक देतो. कॉलेजच्या बँडमध्ये, गॅदरिंगला कालिदास कलामंदिराच्या स्टेजवर ड्रमरच्या शेजारी उभं राहायचं असेल तर इलेक्ट्रिकच घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही.

अकॉस्टिक बास खरा कामाचा तिथे, जिथे वाद्य सोफ्याशेजारी उभं ठेवायचंय आणि चहा उकळेपर्यंतसुद्धा दोन मिनिटं वाजवायचंय. वायर शोधा, ॲम्प लावा, हेडफोन सोडवा, असलं काही नाही. एखादा मित्र बोटांनी गिटार वाजवतो, एखादी मैत्रीण युकेलेलेवर गाते, कहोन या खोक्यासारख्या तालवाद्यावर कुणी हलका ठेका धरतो, अशा बैठकीत तो छान बसतो. नाशिकरोडला किंवा शरणपूरला चर्चच्या क्वायरमध्ये गाणाऱ्यांना, सोसायटीतल्या भजनी मंडळात पेटीखाली काहीतरी धरून ठेवणारं वाद्य हवं असणाऱ्यांनाही तो चालतो, फक्त तिथे प्लग लावावा लागेल. आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये रात्री अकराला वाजवलात तरी खालच्या काकू बेल वाजवायला येणार नाहीत. लहान आवाजाचा तेवढा एक फायदा.

एक पळवाट बऱ्याच जणांना सुचते : घरी पडलेल्या साध्या गिटारवर बासच्या तारा चढवू. नका करू. नटच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या पट्टीच्या, खाचेत तार बसत नाही, ब्रिजच्या, म्हणजे पोटावर तारा अडकवतात त्या लाकडाच्या, भोकातून जात नाही आणि जबरदस्ती केली तर ब्रिज उपटून येतो. गिटारच्याच तारा सप्तकभर उतरवल्या तर त्या फ्रेटवर नुसत्या लोळतात.

पैशांची वाटणी

समजा वीस हजार बाजूला काढलेत. मग वाद्य सोळाच्या आसपास बघा. उरलेल्या चारात सेटिंग, क्लिपचा ट्यूनर, वायर, जाड अस्तराची बॅग आणि पट्टा येतो. नवखे लोक उलटं करतात. सगळे पैसे वाद्यावर घालतात आणि मग तारा बोटभर वर असलेलं ते वाद्य आठवड्याभरात कपाटावर जातं. बासच्या तारांचा संच साध्या गिटारच्या संचापेक्षा कितीतरी महाग असतो, हेही हिशेबात धरा. तो दर दोन महिन्यांनी बदलावा लागत नाही हे नशीब.

इबानेझ, कॉर्ट, फेंडर यांची अकॉस्टिक बासमधली सुरुवातीची मॉडेलं आपल्याकडे मिळतात. त्याहून स्वस्त, नाव न ऐकलेलं काही समोर आलं तर लगेच नाक मुरडू नका. खाली दिलेल्या कसोट्यांना उतरलं तर ते घ्यायला हरकत नाही. नावाजलेलं मॉडेल या कसोट्यांत नापास झालं तर ते तिथेच ठेवा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक निघतो.

पाच तारांचा बास पहिल्या वेळी नको. फ्रेट नसलेला तर नकोच नको. डावखुऱ्यांना पर्याय फार थोडे मिळतात. तुम्ही अजून काहीच वाजवलेलं नसेल तर उजव्या हाताचा घेऊन शिकता येतं का, ते दुकानात दहा मिनिटं धरून बघा.

हाताचं माप

इथे जरा थांबू, कारण पुढे वाद्य सुटतं ते बहुतेक याच कारणाने.

बासची स्केल म्हणजे नटपासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंतची (सॅडल म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) तारेची लांबी. मोठी 34 इंच, मधली 32, लहान 30. दुकानात कुणाला ठाऊक नसेल तर शिवणकामाची टेप घेऊन जा. नटपासून बाराव्या फ्रेटच्या पट्टीपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. 43 सेंटिमीटर भरलं तर 34 इंची, साडेचाळीसच्या जवळ भरलं तर 32, आणि 38 भरलं तर 30.

याने हाताला काय फरक पडतो? पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर साध्या गिटारवर दहा सेंटिमीटरच्या आतच असतं. 30 इंची बासवर ते साडेअकराच्या आसपास जातं आणि 34 इंचीवर जवळपास तेरा. घरीच कागदावर तेरा सेंटिमीटरची रेघ ओढा आणि डाव्या हाताची तर्जनी आणि करंगळी दोन टोकांना ठेवून बघा. ताण न देता पोचली तर उत्तम. मनगट वाकडं करून पोचत असेल तर 32 किंवा 30 बघा. शाळकरी मुलासाठी घेत असाल तर 30 च्या वर जाऊच नका.

मोठ्या स्केलचाच मिळाला आणि हात लहान असला तरी मार्ग आहे. खालच्या, म्हणजे नटजवळच्या, फ्रेटवर प्रत्येक फ्रेटला एक बोट असा हट्ट सोडायचा. तर्जनी पहिल्यावर, मधलं बोट दुसऱ्यावर, करंगळी तिसऱ्यावर आणि चौथ्यासाठी हात सरकवायचा. डबल बासवाले असंच वाजवतात. शिकवणारे सर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका, पण मनगट दुखायला लागलं तर हे आठवा.

दुकानात

फोन करून जा. नाशकातल्या वाद्यांच्या दुकानांत गिटार आणि युकेलेले भरपूर, पण अकॉस्टिक बास समोर टांगलेला असेलच असं नाही. फोनवर "अकॉस्टिक बास आहे का?" असं विचारलं की "आहे ना, या!" हे उत्तर ठरलेलं. गेल्यावर पुढ्यात येते मोठ्या पोटाची सहा तारांची गिटार, किंवा ज्याला आपल्याकडे सगळे सेमी-अकॉस्टिक म्हणतात ती प्लग असलेली गिटार. म्हणून फोनवरच विचारा : चार खुंट्यांचा आहे का, पिकअप आहे का, आणि वाजवून बघायला तयार आहे का.

शक्यतो शनिवारी-रविवारी संध्याकाळी जाऊ नका. दुकान शांत हवं, नाहीतर बझ, म्हणजे तार फ्रेटला घासून येणारी खरखर, ऐकूच येत नाही. गिटार वाजवणारं कुणी ओळखीचं असेल तर सोबत न्या, बास येत नसला तरी चालेल. सोबत न्यायच्या वस्तू : टेप, मोबाइलमध्ये ट्यूनर, एखादं व्हिजिटिंग कार्ड, आणि पाकिटातली चार जुनी एटीएम कार्डं. मुदत संपलेली, सपाट अक्षरांची.

वाद्य हातात आल्याबरोबर वाजवायला सुरुवात करू नका. आधी सुरात लावून घ्या. तारा ढिल्या असताना सगळंच फसवं दिसतं. ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, कमी वाटते आणि नेक सरळ वाटतो. चार तारांचा मिळून ताण साधारण 70-80 किलो असतो, आणि तो ताण असतानाच वाद्य कसं उभं राहतं ते आपल्याला बघायचंय.

आता ब्रिज. ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा सरकवून बघा. जरासुद्धा आत गेला तर ब्रिज उचकटायला लागलाय. तिथेच नमस्कार करून परत द्या, किंमत कितीही पाडली तरी. ब्रिजच्या मागे वरची फळी किंचित फुगलेली असणं चालतं, टेकडी दिसायला नको. मोबाइलचा टॉर्च पोटात मारून आतल्या पट्ट्या सुटल्या नाहीत ना बघा आणि फळीवर बोटाच्या पेराने टकटक करा. आतून खडखड आली तर काहीतरी सैल आहे.

मग एटीएम कार्डांची कसोटी. एक कार्ड 0.76 मिलिमीटर जाड असतं, म्हणजे चार मिळून तीन मिलिमीटर. बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली चारही कार्डं एकत्र सरकवा. ती जेमतेम बसली, तार हलकेच वर उचलली गेली, तर ॲक्शन छान. अलगद बसली आणि वर आणखी एक कार्ड मावेल एवढी जागा उरली तर तारा उंच आहेत, आणि त्या खाली येतात का हे दुकानदाराने करून दाखवायला हवं. बारीक जी तारेखाली तीन कार्डं पुरे. ॲक्शन उंच असली म्हणून वाद्य लगेच नाकारू नका, सॅडल किती वर आलंय तेवढं पाहा. ब्रिजच्या लाकडाबाहेर हाडासारखी पांढरी पट्टी चांगली तीन-चार मिलिमीटर दिसत असेल तर ती घासून खाली आणता येते. आधीच लाकडाला टेकली असेल आणि तरी तारा उंच असतील, तर नेकचा कोनच चुकलाय. ती दुरुस्ती वाद्याच्या किमतीत परवडत नाही.

नेकचा बाक बघायला ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि जिथे नेक पोटाला मिळतो तिथे दुसऱ्या हाताने दाबा. मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट हवी. मुळीच फट नसेल तर नेक मागे वाकलाय, दोन-तीन कार्डांची असेल तर पुढे. दोन्ही गोष्टी ट्रस रॉडने, म्हणजे नेकमधल्या धातूच्या दांडीने, सुटतात, पण रॉड फिरतो का हे दुकानदारालाच ॲलन की लावून दाखवायला सांगा. पाव फेरा पुरे. तुम्ही हात लावू नका. रॉड जाम असलेला स्वस्त बास म्हणजे दोन पावसाळ्यांचा सोबती.

यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट, बाराव्यापर्यंत, सावकाश. कंटाळवाणं काम आहे, पण चार मिनिटांत होतं. एकाच जागी खरखर आली तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. सगळीकडे आली तर सेटिंगचा प्रश्न. एखादा सूर बाकीच्यांपेक्षा लवकर मरतो का, तेही ऐका. आणि हे करताना काउंटरमागून हमखास येणारं वाक्य असं : "नवीन आहे हो दादा, तारा बसल्या की बझ जाईल." तारा बसल्या की सूर स्थिर होतो. बझ जात नाही. गोड हसून म्हणा, "मग काका, आत्ताच सेटिंग करून द्या ना, मी थांबतो." चांगला दुकानदार लगेच पाना घेऊन बसतो. जो बसत नाही त्याच्याकडून पुढच्या सर्व्हिसची अपेक्षा कशाला ठेवायची?

सूर खरा लागतो का हे शेवटी. बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा पातळ सूर, काढा, ट्यूनरवर काटा मध्ये आणा. मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. काटा थोडा इकडेतिकडे झाला तर चालेल. दहा सेंटपेक्षा (शंभर सेंट म्हणजे एका फ्रेटचा फरक) जास्त चढला तर आधी ॲक्शन कमी करून परत बघा, कारण तार उंच असली की दाबताना सूर चढतोच. तरीही चढत असेल तर सोडा. अकॉस्टिकचं सॅडल इलेक्ट्रिकसारखं पुढे-मागे होत नाही.

पट्टा लावून उभं राहून बघायला विसरू नका. काही बासच्या खुंट्यांकडचं डोकं एवढं जड असतं की हात सोडला की नेक जमिनीकडे जातो. आणि पट्ट्याची दुसरी गुंडी नेकच्या मुळाशी आहे का तेही बघा. बऱ्याचदा नसते, बसवून घ्यावी लागते.

लाकडाबद्दल चार ओळी पुरे. वरची फळी अखंड असलेला बास चांगला वाजतो आणि महाग असतो. आपल्या बजेटमधला बहुतेक प्लायचाच असणार, आणि पहिल्या वाद्याला प्लाय बरा : हवेचे चढउतार सोसतो, सहसा तडकत नाही.

प्लग लावून

दुकानात बासचा ॲम्प मागा, नसेल तर कीबोर्डचा. साध्या गिटारच्या छोट्या ॲम्पवर हळू आवाजात तपासणी करता येते. मोठा केला तर स्पीकर फाटू शकतो. बासवरच्या आणि ॲम्पवरच्या सगळ्या बटणांचे काटे मधोमध ठेवा, म्हणजे कुणी बेस वाढवून भुलवणार नाही.

चारही तारा सारख्या जोराने छेडा. स्वस्त वाद्यांत हमखास सापडणारा दोष इथे कळतो : सॅडलच्या खाली पिकअपची पट्टी असते, सॅडल तिच्यावर नीट टेकलं नाही की एक तार, बहुधा कडेची, दबलेली येते. दुरुस्ती सोपी आहे, पण ती विकत घेण्याआधी करून घ्यायची. वायरचं टोक जॅकमध्ये हलकेच हलवा, करकर येते का बघा. बॅटरीचा कप्पा उघडा, आत गळलेल्या बॅटरीचा हिरवट-पांढरा थर नको. वायर खुपसलेली राहिली की बहुतेक प्रीॲम्प, म्हणजे पिकअपचा आवाज वाढवणारी आतली सर्किटं, चालूच राहतात आणि बॅटरी संपते, म्हणून घरी वाजवून झालं की वायर काढायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

या पिकअपची आणखी एक गंमत. तो तारेचं कंपन दाबाने ओळखतो, लोहचुंबकाने नाही, त्यामुळे ब्राँझच्याच काय, नायलॉनचं वेष्टण असलेल्या तारांनाही चालतो. बोटं सोलवटणाऱ्या नवख्यांना अशा काळ्या, गुळगुळीत तारा मानवतात. त्यांचा सूर गोल येतो आणि बोट सरकवताना चीं-चीं होत नाही. पहिला संच बदलाल तेव्हा विचार करा, फक्त जाडी जुन्या तारांच्या जवळपासची आणि लांबी तुमच्या स्केलची घ्या.

नाशकात नाही मिळाला तर

मुंबई गाठा. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडली की सीएसएमटीला उतरून धोबीतलावच्या जेर महालमधलं फुर्टाडोज चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1865 पासूनची पेढी. तिथेही आधी फोन करून अकॉस्टिक बास प्रत्यक्ष ठेवलेला आहे का ते विचारा, नाहीतर फेरी कीबोर्ड बघण्यात जाईल. संध्याकाळच्या पंचवटीने परत येताना बास वरच्या रॅकवर आडवा टाकू नका, कुणीतरी त्यावर बॅग फेकतंच. दोन पायांमध्ये उभा धरून बसा.

ऑनलाइन घ्यायचं तर परत करायची मुदत वाचा आणि पॅकिंग उघडताना सलग व्हिडिओ काढा. वरच्या सगळ्या कसोट्या त्याच संध्याकाळी करा. "निवांत रविवारी बघू" म्हणालात की मुदत जाते. व्हिडिओवरचे डेमो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून काहीही ठरवू नका. 41 कंपनांचा सूर त्या टिचभर स्पीकरमधून बाहेर पडत नाही. हेडफोन लावा. आणि लक्षात ठेवा, डेमोत ऐकू येणारा भरदार आवाज पुष्कळदा थेट पिकअपमधून घेतलेला असतो, नुसत्या वाद्याचा नाही.

जुना मिळत असेल तर मी नव्याच्या आधी तो बघेन. हौसेने घेऊन पडून राहिलेले बास बरेच असतात, त्यांचे फ्रेटही झिजलेले नसतात. फक्त तो कुठे पडून होता ते विचारा. माळ्यावर, पत्र्याखाली दोन उन्हाळे काढलेला असेल तर ब्रिज आणि नेक दुप्पट बारकाईने तपासा. बिल मागा, आणि व्यवहार दिवसाउजेडी, विकणाऱ्याच्या घरीच करा. म्हणजे प्लग लावून बघता येतो आणि माणूसही कळतो.

आपली हवा

वाद्याला हवेतली आर्द्रता 45 ते 55 टक्के आवडते. नाशकात ती वर्षातून फार थोडे दिवस तशी असते. जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पितं, फळी फुगते, तारा वर येतात. तेव्हा बास बॅगेत ठेवायचा, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाचा मारा बसणाऱ्या ओल्या भिंतीला टांगायचा नाही. थंडीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की आपल्याकडची हवाही कोरडी होते, आणि एप्रिल-मेमध्ये तर विचारू नका. लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेने बोटांना बोचायला लागतात. दुकानात नवा बास बघतानाही नेकच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवा. आत्ताच बोचत असेल तर मे महिन्यात काय होईल याचा अंदाज येतो. ती टोकं घासून देणं दुकानदाराला अवघड नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बास ठेवू नका, ब्रिजचा गोंद मऊ पडतो.

पहिला आठवडा

सुरात लावताना मोबाइलचा ट्यूनर ई तारेवर गोंधळतो, कारण एवढा खालचा सूर त्याच्या माइकला नीट पकडता येत नाही. बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक वाजवा, लगेच पकडेल. बासच्या डोक्याला लावायचा क्लिपचा ट्यूनर घेतला असेल तर प्रश्नच नाही.

मोकळ्या तारा जाडीकडून ई, ए, डी, जी. पेटीच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. हे पाठ करून ठेवा, कारण नाशकात तुमच्याबरोबर गाणारा माणूस "सी शार्प" म्हणेल तितक्याच वेळा "काळी एक" म्हणेल. काळी एकचा षड्ज ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर. त्याचा खालचा पंचम शेजारच्याच ई तारेवर, त्याच चौथ्या फ्रेटवर. एवढ्या दोन सुरांवर भजनाला साथ धरता येते : समेवर षड्ज, मध्ये पंचम, बाकी वेळ गप्प. गाणारा काळी दोन म्हणाला तर सगळं दोन फ्रेट पुढे सरकवा, बोटांची रचना तीच.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. अंगठा टेकवायला इलेक्ट्रिकसारखा पिकअप इथे नाही, म्हणून तो फ्रेटबोर्डच्या टोकाला किंवा ई तारेवर टेकवा. ब्रिजजवळ छेडलं की आवाज ताठ येतो, नेककडे सरकलं की गोल. मोठा आवाज काढायला तार उपटू नका, ती फ्रेटवर आपटते आणि तुम्ही नसलेला बझ शोधत बसता.

महिनाभराने तारा बसलेल्या असतात आणि नेकने तुमच्या घरातल्या हवेशी जुळवून घेतलेलं असतं. तेव्हा कार्डांची कसोटी पुन्हा करा आणि आकडा बदलला असेल तर बास दुकानात न्या. ही दुसरी सेटिंग फुकट करून द्यायचं विकत घेतानाच कबूल करून घ्या आणि बिलाच्या मागे लिहून घ्या.